घोंगडीखालचं पाचट

लग्न होऊन मी वाळवा तालुक्यात आले त्याच वर्षी, ऊस तुटल्यावर, सासऱ्यांनी रानातलं पाचट पेटवलं आणि मी भांडायला गेले. नवी सून पदर खोचून सासऱ्यांशी भांडते आहे हे बघायला शेजारच्या बांधावर माणसं जमली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांदेखत एवढा चारा जळत होता, तेवढंच दिसत होतं.

मी वडूजच्या पुढची, कोरडवाहू मुलखातली. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं. वाळलेल्या पानाला आमच्याकडे कचरा म्हणत नाहीत. हरभऱ्याचं भुसकट, बाभळीच्या शेंगा, कडब्याची चिपाडं, सगळं कुणाच्या ना कुणाच्या तोंडात जातं. जनावर खात नाही ते चुलीत जातं आणि चुलीतही जात नाही ते कुंपणाला लागतं. उसाच्या मुलखात मात्र पाण्याबरोबर माजही आलेला. ऊस तोडून नेला की मागं राहिलेली वाळकी पानं, म्हणजे पाचट, ही नुसती अडचण. काडी लावली की रान मोकळं.

सासरे पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाळू नको म्हणतीस, मग त्याचं करायचं काय ते बी सांग. नुसतं नको म्हणणं ही काय ऑर्डर न्हाई."

त्या प्रश्नापायी मी पुढं पीएच. डी. केली असं सांगायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. मी सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि पीएच. डी. नसेल तर बढती मिळत नाही, हे खरं कारण. विषय निवडायची वेळ आली तेव्हा मात्र सासऱ्यांचा तो प्रश्न आठवला. माझ्या मार्गदर्शक बाईंकडे वनस्पतींपासून उजेडाच्या मदतीनं हायड्रोजन काढायचं काम चालू होतं. त्या लाकडाचा भुसा वापरायच्या. मी म्हटलं, मी पाचट आणते, आमच्याकडे फुकट जळतं.

काम सांगायला सोपं आहे. पाचटात साखर असते, पण ती जिभेला लागत नाही, कारण साखरेचे कण एकमेकांना घट्ट धरून ताठ धागा होऊन बसलेले असतात. तो धागा तोडणारं एक एन्झाइम मिळतं. ते घातलं की धाग्याची सुटी साखर होते. दुसरं एन्झाइम त्या साखरेतला हायड्रोजनचा ऐवज काढून घेतं. मग पालकाच्या पानातून काढलेला हिरवा रंग लागतो. त्याच्यावर उजेड पडला की तो हा ऐवज पुढं ढकलतो, आणि शेवटी प्लॅटिनमच्या बारीक भुकटीपाशी त्याचा वायू होऊन बुडबुडे वर येतात. दिवा बंद केला की बुडबुडे थांबतात, लावला की पुन्हा सुरू. आग नाही, धूर नाही, साध्या कोमट पाण्यात सगळं होतं. मला पहिल्यांदा बुडबुडे दिसले तेव्हा मी दिवा इतक्या वेळा लावला आणि विझवला, की बाई म्हणाल्या, "आता पुरे, बल्ब जाईल."

करायला मात्र ते सोपं नव्हतं. पाचट धुवायचं, वाळवायचं, दळायचं. दळायला घरचा जुना मिक्सर होता. त्याचा आवाज ऐकून सासूबाई म्हणायच्या, "चटणी कसली करतीस ती एकदा खायला घाल." मंडईतल्या पालकवाल्या मावशींना माझ्या घरच्या माणसांची काळजी वाटायला लागली होती. मी दर आठवड्याला जुड्याच्या जुड्या न्यायची. "त्यास्नी दुसरं कायतरी खाऊ घाल गं," असं त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं.

एवढं करून मिळायचा किती, तर चहाचा चमचा भरेल इतका वायू. सासरे दर दिवाळीला विचारायचे, "यावर ट्रॅक्टर कवा चालायचा?"

"मामा, अजून फुगा बी फुगत न्हाई."

"चालू द्या. पलटणीत आमी बी सहा म्हैने नुसता डावा-उजवा केला, मग बंदूक हातात मिळाली."

माणूस चेष्टा करायचा, पण शब्दाचा पक्का. त्यांनी विहिरीजवळचा एक तुकडा मला तोडून दिला होता. त्यातलं पाचट ते जाळत नसत. गावात त्यांना लोक हसत, सुभेदारानं सुनेच्या नादानं गवताचा दारूगोळा साठवलाय म्हणत. ते ऐकून घेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी त्याच तुकड्यातल्या पाचटावर काम केलं. एक जात, एक पाणी, एक माती. पाचट बदललं तर आकडे बदलतात, आणि मग एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही.

कामाच्या शेवटच्या हिवाळ्यात समितीपुढं सादरीकरण झालं. माझा एक आकडा बाकीच्यांपेक्षा बराच चांगला आला होता. एक पद्धत थोडी बदलली आणि वायू जवळजवळ दुप्पट निघाला. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "हा एकदाच आलाय?" एकदाच आला होता. "मग याच पाचटावर तीनदा काढून दाखवा. नाही आला तर हे प्रकरण प्रबंधातून काढा." ते प्रकरण काढलं तर प्रबंधात राहत काय होतं? माझी नोंदणी जूनमध्ये संपणार होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नव्हती. प्रयोगशाळेतलं पाचट संपलेलं. कॉलेजच्या इमारतीत वाळलं गवत साठवायला मनाई होती, आगीचा नियम, म्हणून मी लागेल तसं थोडं थोडं आणायची. बाकीचं विहिरीजवळच्या तुकड्यात ढीग करून ठेवलं होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी जायचं, पोती भरायची, सोमवारी कामाला लागायचं.

इथं माझ्या वडिलांचं सांगायला हवं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं, कोंबड्या आणि घोड्यावरचं बिऱ्हाड घेऊन पाण्याच्या मुलखाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. माझं लग्न आम्ही दोघांनी ठरवलेलं, जात वेगळी, नोंदणी कचेरीत झालेलं. आबा आले होते. सासरेही आले होते. पण दोन व्याही एकमेकांना भेटतात, गळामिठी होते, ती व्याहीभेट काही झाली नाही. सासरे सही करून तसेच वळले. आबांनी डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि आईला म्हणाले, "चल." त्या वर्षापासून त्यांनी मेंढरांची वाट बदलली. आधी ते कृष्णेच्या काठानं माझ्या सासरच्या गावाजवळून जायचे. मग ते कऱ्हाडवरूनच वरच्या अंगाला वळायला लागले. लेकीच्या दारावरून जायचं आणि आत जायचं नाही, यापेक्षा दारावरून जायचंच नाही, असा हिशेब. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. आईची गाठ जत्रेत पडायची. आबांची वर्षानुवर्षं पडली नाही.

त्या शनिवारी मी स्कूटीवर पोती बांधून सांगलीहून निघाले. गावाच्या अलीकडेच मेंढरांचा वास आला. तो वास मला कुठंही कळतो. विहिरीजवळच्या तुकड्यात जाळी लागली होती, आत मेंढरं बसली होती, बांधावर घोडा बांधलेला आणि लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर आई भाकरी थापत होती. आबा घोंगडीवर बसून तंबाखू मळत होते. आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून, खुर्चीत न बसता, सासरे खाली मातीत मांडी घालून बसले होते.

मला रडू आलं. स्कूटी तशीच आडवी टाकून मी गेले.

झालं होतं ते असं. त्या तुकड्यातला खोडवा, म्हणजे तुटल्या बुडख्यातून पुन्हा वाढवलेला ऊस, त्या वर्षी निघाला होता. आता रान नांगरायचं. नांगरायच्या आधी रानात मेंढरं बसवतात, त्यांच्या लेंडीमुताचं खत मिळतं. सासरे मोटरसायकल काढून कऱ्हाडच्या पलीकडे आबांचा तळ शोधत गेले होते. गळाभेट करा, चुकलो असं म्हणा, हे काही त्यांना पलटणीत शिकवलं नव्हतं. त्यांनी जाऊन एवढंच म्हटलं, "व्याही, रानात मेंढरं बसवायची हायत. परक्याची बसवू का?" आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "परक्याची कशाला?"

"सगळ्यात चांगला तुकडा दिला बघ त्यास्नी," सासरे मला सांगत होते. "पाण्याजवळ, सावली हाय. आन पाचट न जाळलेलं. मेंढरांस्नी खायला बी झालं."

तेव्हा मी कोपऱ्याकडे बघितलं. ढीग नव्हता. ढीग होता तिथं मेंढरं पाय दुमडून निवांत रवंथ करत होती. अर्धं पाचट त्यांनी खाल्लं होतं, राहिलेलं तुडवून लेंड्यामुतानं भिजवलं होतं. मुतातला अमोनिया लागला, लेंडीतले जंतू लागले, म्हणजे ते पाचट माझ्या दृष्टीनं संपलं.

सासऱ्यांना काय म्हणणार? मी त्यांना सांगितलं होतं, जाळू नका. त्यांनी जाळलं नव्हतं. मेंढरं बसवू नका असं मी कधी म्हणाले नव्हते, कारण आमच्या रानात आबांची मेंढरं बसतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि आबांना तर सांगायचंच नव्हतं. मेंढपाळाचा सगळा जन्म एका गोष्टीत जातो, आपलं मेंढरू दुसऱ्याच्या पिकात जाऊ नये. मी लहान असताना एकदा लोणंदच्या बाजूला आमची चार मेंढरं कुणाच्या तरी गव्हात शिरली. त्या शेतकऱ्यानं शिव्या दिल्या, आणि आबा मुंडासं हातात घेऊन, मान खाली घालून ते संपेपर्यंत उभे राहिले. नंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. त्या माणसाला आता सांगायचं, की इतक्या वर्षांनी व्याह्याच्या रानात आलात आणि तुमच्या मेंढरांनी तुमच्याच लेकीचं पीक खाल्लं? ते त्याच पावली बिऱ्हाड घोड्यावर चढवतील हे मला दिसत होतं. गेलं तर जाऊ दे प्रकरण, असं मी मनाशी म्हणाले. ते मनापासून म्हणाले असं मात्र नाही. इतक्या वर्षांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. आबा काही घराचा उंबरा चढत नव्हते, चहा तिथंच घेत. बशीत ओतून ते फुंकत होते आणि मी कोपऱ्याकडे बघत होते.

"काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई."

"कालपास्नं तीनदा बघितलंस तकडं. ल्हानपणी कोकरू मेलं की अशीच बघायचीस."

ते थांबले. आबांना थांबता येतं, मेंढरांमागं राहून माणसाला ते येतंच. शेवटी मला सांगावं लागलं. पाचट कशाला लागत होतं, समितीनं काय सांगितलं, जून, सगळं. जमेल तसं सोपं करून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "तुमची काय चूक न्हाई. मामास्नी बी ठावं नव्हतं."

आबांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा लोणंदच्या त्या दिवशीसारखा झाला. हात मुंडाशाकडे गेला तसा मी तो धरला.

तेवढ्यात सासरे आले. माझं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि खट्‌कन ताठ उभे राहिले. "चूक माजी हाय. जागा मी दावली."

"मेंढरं माजी हायती," आबा म्हणाले.

"रान माजं हाय."

"खाल्लं कुणी? मेंढरांनी. ती कुणाची?"

दोघंही चूक आपल्याकडे ओढत होते, कुणी सोडायला तयार नव्हतं. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "भांडान झालं आसंल तर तिला पाचट कुठनं द्यायचं ते बगा."

मग आबा उठले. ते बसले होते ती घोंगडी त्यांनी एका टोकानं धरून उचलली. खाली वीतभर जाडीचं पाचट अंथरलेलं होतं. पहिल्या संध्याकाळी, मेंढरं रानात सोडायच्या आधी, त्यांनी त्या ढिगातलं चांगलं कोरडं बघून अंथरुणाला काढलं होतं. एवढं मऊ अंथरूण त्यांना दुष्काळी मुलखात मिळत नाही.

"ह्ये चालंल का?"

मी खाली बसून हातात घेतलं. कोरडं होतं, स्वच्छ होतं. लोकरीचा आणि तंबाखूचा वास येत होता, पण तो धुतल्यावर जातो. "चालंल," मी म्हटलं.

सासऱ्यांनी स्वतः पोती धरली आणि आबांनी ओंजळी ओंजळीनं भरली. एक काडी खाली पडली तर तीही उचलून घातली. दोन पोती झाली. मेंढरं पलीकडच्या तुकड्यात हलवली. आबा गेले नाहीत, आणखी आठवडाभर राहिले, मातीवर घोंगडी टाकून. सासऱ्यांनी घरातनं गादी आणली होती. "गादीवर पाठ दुखती," म्हणून आबांनी ती घोड्याच्या खोगिराखाली घातली.

मी ते पाचट नेहमीपेक्षा दोनदा जास्त धुतलं. पहिल्यांदा आकडा कमी आला आणि मी जेवले नाही. बाईंनी हिरवा रंग तपासला, तो जुना निघाला. मावशींकडून ताज्या पालकाच्या जुड्या आणल्या, नवा रंग काढला. मग आकडा आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला.

प्रबंधात नमुना कुठं आणि कसा साठवला ते लिहावं लागतं. मी लिहिलं, की नमुना शेतातच, कोरड्या जागी, लोकरीच्या आवरणाखाली ठेवला होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक तिथंच अडकले. "हे लोकरीचं आवरण कशासाठी? ओलावा टाळायला?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्यावर माझे वडील झोपत होते."

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पदवी मिळाली, बढतीही झाली. ट्रॅक्टर अजून डिझेलवरच चालतो. मी आता पाचटाऐवजी द्राक्षांच्या छाटणीच्या काड्यांवर काम करते, तासगावकडून हव्या तेवढ्या मिळतात. सासरे मात्र माझा तुकडा अजून जाळत नाहीत, त्यांना सवय लागली.

पुढच्या हिवाळ्यात आबा जुन्या वाटेनं आले, कुणी बोलवायला न जाता. फोन आला म्हणून मी सकाळीच पोचले. मेंढरं रानात मोकळीच, इकडे तिकडे बसलेली, एकाही बाजूला जाळी नाही. आबा काठी घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते, डोळे लाल झाले होते.

"रातभर जागं हायत," आई म्हणाली. "लांडगं येत्यात तकडनं, म्हनून. जाळी येकच हाय."

ती एकच जाळी कोपऱ्यात लावली होती. चारी खुंट घट्ट ठोकलेले, एक कोकरू शिरणार नाही अशी. जाळीच्या आत माझं पाचट होतं, नीट ढीग करून ठेवलेलं.

सासरे बाजूला उभे होते. ते पाचट मला आता लागत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी द्राक्षांच्या काड्यांसाठी स्कूटीवर बांधलेली पोती सोडली, जाळी उचलून आत गेले आणि दोन्ही पोती गच्च भरून घेतली.

"लय चांगलं राखलंत, आबा," मी म्हटलं.

"मग," आबा म्हणाले, आणि जाळी सोडायला लागले.